मागच्या खोलीचा पांढरा

पांढरा म्हणजे पांढरा, त्यात निवडायचं काय, असं मला चाळीस वर्षं वाटत होतं. रंगाच्या दुकानात शेड कार्ड उघडून बसले तेव्हा कळलं की पांढऱ्यांची सुद्धा जातपात असते. एक दुधाळ, एक हस्तिदंती, एक मोत्यासारखा, एक ताकासारखा. शेजारी शेजारी ठेवले तर एकही पांढरा दिसत नव्हता. मी तासभर ते कार्ड घेऊन बसले आणि घरी आले ती जणू रंगशास्त्रात पदवी घेऊनच. माझा स्वभावच असा आहे. मी मराठी शाळेत शिकवते. दुसऱ्याची चूक लाल पेनाने दाखवायची मला वीस वर्षांची सवय आहे, स्वतःची दाखवून घ्यायची अजून लागलेली नाही.

आमचं घर सुरतेत, डिंडोलीला. रो-हाऊस म्हणायचं, पण रुंदी बारा फूट आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामायिक. उजेड यायचा तो पुढच्या दारातून आणि दाराशेजारच्या खिडकीतून. मधली खोली दुपारी थोडीफार दिसायची. मागच्या खोलीत मात्र भर उन्हाळ्यात बाराच्या ठोक्यालाही दिवा लावल्याशिवाय स्वतःचा हात दिसत नसे. मागे खिडकी नव्हतीच, कारण मागचं घर आमच्या भिंतीला पाठ लावून उभं होतं. छताजवळ वीतभर झरोका होता. त्यातून उजेडापेक्षा शेजारच्या फोडणीचा वासच जास्त यायचा.

या खोलीत माझ्या सासूबाईंचं काम चालायचं. त्या साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायच्या. उधन्याच्या बाजूला एक मॅचिंगचं दुकान आहे, तिथून साड्यांचा गठ्ठा यायचा आणि त्या त्यांना जुळता फॉल लावून परत पाठवायच्या. बाकीच्या बायकांना दुकानदार फॉल निवडून देई. सासूबाईंना नुसती साडी देई. फॉल त्या आपल्या पेटीतून काढायच्या. पत्र्याची मोठी पेटी, तिच्यात शे-दीडशे छटांचे फॉल रांगेने लावलेले. राणी, रामा, चिंतामणी, मोरपिशी, डाळिंबी, गजरी, वाईन. त्या लिहायला-वाचायला फारशा शिकलेल्या नाहीत, पण साडी उलगडली की हात सरळ त्या रांगेत जायचा आणि हवा तोच फॉल घेऊन बाहेर यायचा. धुळ्याकडच्या खेड्यातून त्या सुरतेला आल्या तेव्हा सासरे लूमवर कामाला होते. सासरे गेल्यावर घर याच कामावर चाललं आणि माझा नवरा याच कामावर शिकला. हे सगळं मला लग्न झाल्यापासून माहीत होतं. तरी शाळेत कोणी विचारलं की सासूबाई काय करतात, तर मी "घरीच असतात" असं सांगायचे.

दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायचं ठरलं. मागच्या खोलीला तोवर चुनाच होता. सासूबाई दरवर्षी स्वतः चुना भिजवायच्या, त्यात नीळ कालवायच्या आणि पदर खोचून कुंच्याने भिंती सारवल्यासारख्या रंगवायच्या. त्या निळसर पांढऱ्या भिंती आणि वर जुनी ट्यूबलाईट. मला ती खोली सरकारी दवाखान्यासारखी वाटायची. आत गेलं की टोचून घ्यायला आल्यासारखं वाटे.

रंगारी उत्तर प्रदेशचा होता आणि बोलण्यात पटाईत होता. तो खोली बघून म्हणाला, "भाभीजी, अंधेरे कमरे में एकदम सफेद मारोगे तो राख जैसा दिखेगा. हल्का पीलापन लो और बल्ब भी पीला लगाओ, कमरा खिल जाएगा."

हे मला दुकानातही सांगितलं होतं, त्यामुळे मी जोरजोरात मान हलवली. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माले पिवयं नको व माय. नीय टाकेल धवयं पाहिजे."

"आई, नीळ घालून खोली अजून काळवंडते. दवाखान्यासारखी दिसते."

"दवाखानासारखी दिसी तरी चाली. मन्हं काम चालस ना तठे."

त्यांनी कारण दिलं नाही. त्यांना ते सांगता येत नव्हतं आणि मला ऐकायचंही नव्हतं. शाळेत एखादं पोर उत्तर बरोबर देतं पण रीत मांडत नाही, तेव्हा मी त्याला गुण देत नाही. तसंच झालं. नवऱ्याने नेहमीप्रमाणे "तुमचं तुम्ही बघा" म्हणून बूट घातले. तो पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये बॉयलरवर आहे. सकाळी बसने जातो, संध्याकाळी येतो, आणि घरातल्या दोन बायकांच्या मध्ये पडायचं नाही हा त्याचा एकमेव धर्म आहे.

चुना खरवडला गेला, पुट्टी लागली, हस्तिदंती पांढऱ्याचे दोन हात झाले. ट्यूबलाईट काढून मी मऊ पिवळ्या उजेडाचे दोन बल्ब लावले. आणि खरं सांगते, खोली उजळली. अशी उजळली की शेजारच्या बायका बघायला आल्या. "जाणे दिवो मूक्यो होय," एक गुजरातीत म्हणाली, जणू खोलीत दिवाच आणून ठेवलाय. मी दोन दिवस हवेत होते. सासूबाई आपलं मशीन पुन्हा जागेवर ओढून घेऊन बसल्या.

इथे एक गोष्ट कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मला ती खोली हवी होती. मुलगी दहावीत होती आणि बाहेरच्या खोलीत टीव्ही, पाहुणे, रस्त्यावरचे भोंगे या सगळ्यात अभ्यास करत होती. रंग देतानाच माझ्या मनात तिथे तिचं टेबल होतं. सासूबाईंना "आता पुरे झालं काम" असं म्हणायची हिंमत नव्हती, पण तो दिवस यावा असं मला वाटत होतं. तो इतक्या लवकर येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

दिवाळी संपली, लग्नसराई लागली, गठ्ठे मोठे येऊ लागले. आणि एका दुपारी दुकानदार स्वतः दारात आला. एरवी तो स्कूटरवरूनच हाक मारायचा, त्या दिवशी उतरला. पिशवीतून एक जांभळी साडी काढली, काठ उलटा केला आणि हळू आवाजात म्हणाला, "मासी, आ मॅचिंग बराबर नथी."

बाहेरच्या उजेडात फॉल सरळ सरळ वाईन रंगाचा दिसत होता. जांभळ्या काठाखाली लाल पट्टी. माझ्यासारख्या रंगआंधळीलाही दिसावी एवढी. सासूबाईंनी साडी हातात घेतली, बघितली, आणि त्यांचं तोंड पडलं. एवढ्या वर्षांत कुणी साडी परत आणली नव्हती. "चुकीनं व्हयनं व्हयी," म्हणत त्या आत गेल्या आणि पुन्हा जुळवून न बघताच टाके उसवायला बसल्या.

आठवड्याभरात दुसरी परत आली. निळसर झाक असलेल्या रामा रंगाच्या साडीला नुसता हिरवा फॉल. मग एकदम तीन.

पाचवी साडी आली त्या संध्याकाळी त्या मशीनपुढे हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "हाऊ उजेड परका लागस माले."

मी कप ठेवत म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं."

ही म्हण मी वर्गात रोज कुणा ना कुणाला ऐकवते आणि पोरं हसतात. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सुई उचलली, दोरा घेतला आणि पहिल्याच झटक्यात ओवून दाखवला. "देख, एक दावमा ववाई गया. डोया गया व्हतात त ववाता का?"

"आई, दोरा ओवणं वेगळं आणि रंग ओळखणं वेगळं. वय होतं तसं होतं हे. त्यात लाजायचं काय?"

मी हे फार प्रेमाने बोलले. आजही तो माझा प्रेमळ आवाज आठवला की मला स्वतःची चीड येते. कारण आतून मी टेबलाची मापं घेत होते.

त्यानंतर त्यांनी उजेडाचं नाव काढलं नाही. सकाळी मी पोळ्या लाटत असायचे आणि मागून मशीनचा आवाज यायचा नाही. डोकावून बघावं तर त्या भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभ्या, एका डोळ्यावर तळवा. मग दुसऱ्या डोळ्यावर. मला बघितलं की पदराने डोळा पुसल्यासारखं करायच्या. त्यांची आई म्हातारपणी आंधळी झाली होती. अंगणात खाटेवर बसून ती पायरव आला की "कोन शे?" विचारायची, आणि सख्ख्या लेकीने उत्तर दिलं तरी हात लावून खात्री करायची. ही गोष्ट सासूबाईंनी मला लग्नानंतर एकदाच सांगितली होती. त्या दिवसांत मला ती रोज आठवत होती, आणि त्यांना तर आठवत असणारच. पण आम्ही दोघींनी तिचा उच्चार केला नाही.

मग त्या मला विचारायला लागल्या. एरवी मान ताठ ठेवणारी बाई मला हाक मारायची, साडी आणि फॉल एकमेकांवर ठेवायची आणि दुसरीकडे बघत विचारायची, "हाई जुयस का व?"

मी वाकून बघायचे. मला जुळलेलं दिसायचं. "हो की, जुळतंय," मी म्हणायचे.

आणि दोन दिवसांनी ती साडी परत यायची.

इथे कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात उजेड पडला असता. बाई, तुझ्याही डोळ्यांना जुळलं होतं ना? मग तुझेही डोळे गेले का? पण मी तो प्रश्न स्वतःला विचारलाच नाही. मला वाटलं, आपल्याला कुठे रंगातलं कळतं. सासूबाईंनाही तसंच वाटलं असावं. मास्तरीणबाईंना लाल पेनाशिवाय रंग माहीत नाही, असं त्या पूर्वी थट्टेने म्हणायच्याच.

कोणी म्हणेल, साडी बाहेर ओट्यावर नेऊन का नाही बघितली? तर तो त्यांचा नियम होता. गिऱ्हाइकाची साडी उंबऱ्याबाहेर उलगडायची नाही. आमच्याकडे मिलची काजळी उडते, गल्लीत दिवसभर टेम्पो धूळ उडवतात, आणि लग्नाच्या साडीवर एक डाग पडला तर जन्माचा बोल लागतो. इतकी वर्षं त्या आतच बसून जुळवत आल्या आणि चुकल्या नाहीत. आता साडी ओट्यावर काय, पुढच्या खोलीत जरी न्यायची म्हणजे स्वतःच्या हाताने कबूल करायचं की आपल्याला आत दिसत नाही.

नवऱ्याला मी सांगितलं, ते एवढंच. आईंना नीट दिसत नाही, डोळे दाखवायला हवेत. तो घाबरला. आईच्या बाबतीत तो लगेच घाबरतो. त्याने शनिवारची वेळ घेतली. मी सुताराला बोलावून टेबलाचं माप दिलं. सुतार मागच्या खोलीत टेप लावून भिंत मोजत होता तेव्हा सासूबाई तिथेच मशीनपाशी बसल्या होत्या. त्यांनी पाय आखडून घेतले, म्हणजे त्याला माप घेता यावं.

त्या शनिवारच्या आधीचा सोमवार. मी मागच्या खोलीत साडी नेसले, कारण कपाट तिथेच आहे. काळी साडी, काळं ब्लाऊज. घाईत शाळेला पोचले, प्रार्थनेला मैदानात उभी राहिले. पोरं डोळे मिटून म्हणत होती आणि माझ्या शेजारच्या बाईंनी मला कोपराने ढोसलं. "काय हो, आज ब्लाऊज पोरींच्या गणवेशाच्या कापडाचं का?"

मी खाली बघितलं. साडी काळी होती. ब्लाऊज गडद निळं होतं. लख्ख उन्हात त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. घरी मी दोन्ही शेजारी धरून बघितली होती, आरशात बघितली होती, आणि दोन्ही काळीच होती.

प्रार्थना चालूच होती आणि मी उभ्या जागी रंगांच्या जोड्या लावत गेले. जांभळं आणि वाईन. रामा आणि हिरवं. काळं आणि निळं. पिवळा बल्ब आणि पिवळट भिंत, आणि त्या खोलीत दुसरा उजेड नाही. निळसर चुन्यात आणि ट्यूबच्या उजेडात जे रंग वेगळे दिसायचे ते माझ्या उजळलेल्या खोलीत एक झाले होते. त्यांचे डोळे शाबूत होते. चूक त्या खोलीची होती, आणि ती खोली मी रंगवली होती.

त्या संध्याकाळी घरी येताना मी वाक्य जुळवत होते. "आई, तुमचं बरोबर होतं." चार शब्द. वर्गात साठ पोरांसमोर तासभर बोलते मी. घरी पोचले तेव्हा सुतार फळ्या उतरवत होता आणि माझी मुलगी आनंदाने त्यांच्यावर हात फिरवत होती. मी वाक्य गिळलं. मनाशी म्हटलं, शनिवारी डॉक्टर सांगेलच की. डॉक्टरच्या तोंडून आलेलं बरं. मी कशाला मध्ये?

मंगळवारी बोलले नाही. मंगळवारी त्या दिवसभर एकाच साडीशी झगडत होत्या. फॉल लावायचा, उसवायचा. मी त्या खोलीत गेलेच नाही.

बुधवारी मी शाळेतून आले तर मशीनवर चादर घातलेली. पेटीला कडी. सासूबाई बाहेर ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. न बघता म्हणाल्या, "काम परत दी उनू. त्यानी दुसरी बाई देखी ली शे. खोली पोरले दी टाक."

मला हवं होतं ते असं आयतं माझ्या हातात पडलं. न मागता, न भांडता. आणि आनंद झाला का? लाज वाटते सांगायला, पण एक क्षण झाला. त्याच्या मागोमाग सोमवारचं मैदान आठवलं, आणि तरीही मी खरं सांगितलं नाही. "अहो आई, एवढी घाई कशाला केलीत?" एवढंच म्हणाले. नाटक करणाऱ्या माणसाला सुद्धा आपल्या आवाजाची किळस येते, हे मला त्या दिवशी समजलं.

गुरुवारी टेबल आत गेलं. शुक्रवारी मुलगी तिथे बसून गणितं करत होती आणि सासूबाई पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. हाताला काम नसलेली ती बाई मी पहिल्यांदाच बघत होते. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या आणि सोडायच्या. दिवसभर.

शनिवारी नवऱ्याला सुटी मिळाली नाही, म्हणून मीच त्यांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डोळ्यांत औषध घातलं, तासभर बसवून ठेवलं. त्या बाकावर त्यांनी माझा हात धरला होता. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण असा हात त्यांनी कधी धरला नव्हता. तळवा गार होता. मी म्हणाले, "काही नसेल हो," आणि काही नाही हे मला पक्कं माहीत होतं. मी त्यांना एका वाक्यात मोकळं करू शकले असते. नंबर पुकारेपर्यंत मी भिंतीवरच्या सूचना वाचत बसले.

डॉक्टर गुजराती होता, बोलायला गोड. त्याने यंत्रातून बघितलं, अक्षरांऐवजी चिन्हं दाखवून विचारली, मग रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक पुढे केलं. ठिपक्यांत लपलेल्या रेघा त्या बोटाने धडाधड दाखवत गेल्या, एकही चुकली नाही. त्याने पुस्तक मिटलं. "बा, आंख तो एकदम सारी छे. उंमर प्रमाणे जरा मोतियो छे, एनाथी काम ना अटके. रंग तो तमे मारा करतां सारा जुओ छो." म्हणजे डोळे उत्तम, वयाचा थोडा मोतीबिंदू, आणि रंग तर त्या डॉक्टरपेक्षाही चांगले ओळखत होत्या.

मी सासूबाईंकडे बघितलं. वाटलं, आता या हसतील. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

रिक्षात बसलो. पूल ओलांडला. मग रिक्षावाल्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू त्यांनी विचारलं, "डोया बराबर शेतस त मंग मन्हं डोकं गयं का व?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही.

"रंग डोयाले दिसस आन डोक्याले समजस नही. आसंच व्हयी ना? डोयानं त औषद तरी ऱ्हास. पोऱ्याले सांगू नको. त्यानं घर इस्कटी जाई."

आंधळं होण्यापेक्षा मोठी भीती मी त्यांना दिली होती. पाच दिवस गप्प बसून दिली होती. डॉक्टर माझं काम करील म्हणून मी थांबले आणि त्याच्या चांगल्या बातमीने त्यांना वेड लागायची वेळ आणली. मला रडू फुटलं, पण ते रडूही मी दाबलं, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

घरी आल्याबरोबर मी माझी एक जांभळी साडी काढली, पेटीची कडी उघडली आणि त्यांना मागच्या खोलीत नेलं. मुलगी शिकवणीला गेली होती. दिवे लावले. "आई, हिला फॉल काढा."

"नको व. आते ते नको."

"काढा."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. त्यांनी पेटीत हात घातला आणि फॉल काढून साडीवर ठेवला. मी बघितलं, जुळला होता. तो तसाच धरून मी त्यांना हाताला धरून ओट्यावर आणलं. उन्हात फॉल वाईन रंगाचा झाला.

त्या क्षणभर थबकल्या. मग माझ्या हातातून साडी ओढून घेतली आणि आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या. पुन्हा आत. तिसऱ्यांदा बाहेर आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. त्यांनी बल्बकडे बघितलं, भिंतीला हात लावून बघितला, आणि कपाळावर हात मारला. "आवं माय! मन्हं डोकं जागावर शे!" आणि त्या ओट्यावर बसून इतक्या हसल्या की समोरची बाई दारात आली. मीही हसले. दोन-चार क्षण आम्ही दोघी खरोखर एकत्र हसलो.

मग त्यांनी डोळे पुसले आणि साडीची घडी घालता घालता विचारलं, "तुले कव्हय समजनं?"

"आत्ताच" म्हणता आलं असतं. तो शब्द ओठावर आला होता.

"सोमवारी," मी म्हणाले.

त्यांचे हात घडीवर थांबले. "सोमवारले," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "काम मी बुधवारले परत दिधं."

रागावल्या असत्या तर माझ्याकडे उत्तर होतं. माझ्याकडे उत्तरं कायम तयार असतात. त्या रागावल्या नाहीत. घडी पूर्ण केली, साडी माझ्या मांडीवर ठेवली आणि भाकरी टाकायला आत गेल्या.

संध्याकाळी नवरा आला तो बूट काढायच्या आधी विचारत आला, "डॉक्टर काय बोलना?"

"डोया बराबर शेतस," सासूबाई तव्यापासूनच म्हणाल्या. "भिताडनी चूक व्हती."

त्याला सगळं समजायला वेळ लागला. समजल्यावर तो जेवता जेवता हसायला लागला. म्हणाला, "आमच्या मिलमध्ये शेड बघायला वेगवेगळ्या दिव्यांची पेटीच असते. दिवा बदलला की कापडाचा रंग बदलतो, हे तिथं झाडूवाल्याला पण माहीत आहे. मला विचारायचं तरी!" मग माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाला, "पण तू शोधून काढलंस, बरं झालं. नाहीतर आई उगाच काम सोडून बसली असती जन्मभर."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"हाव," त्या म्हणाल्या, "तिनीच शोधी काढं." आणि तव्यावरची गरम भाकरी त्यांनी त्याच्या आधी माझ्या ताटात वाढली.

मी खाली मान घालून ती खाल्ली. त्याला मी सोमवारचं अजूनही सांगितलेलं नाही.